शिवलेली शेवटची पानं

नाना गेले त्याच्या चौदाव्या दिवशी त्यांची बायको वाचनालयाच्या दारात येऊन उभी राहिली, आणि मला तिचा राग आला. राग येण्याजोगंच होतं. आदल्या दिवशी तेराव्याच्या पंगती उठलेल्या, मांडवाची दोरी अजून घराच्या खांबाला लोंबत होती, आणि ही बाई दाराबाहेर चपला काढून सरळ माझ्या टेबलापाशी आली. मला वाटलं, नानांची खुर्ची बघायला आली असेल. खुर्ची बघून रडेल, म्हणून मी उठून पाण्याचा ग्लासही भरला.

"भाऊजी," ती म्हणाली, "मला मेंबर व्हायचंय."

पाण्याचा ग्लास मीच प्यालो.

आखाडा बाळापूरचं हे वाचनालय नानांनी उभं केलं. नाना म्हणजे आमचे हेडमास्तर. आधी स्वतःच्या घराच्या पुढच्या खोलीत तीन कपाटं, मग हायवेच्या कडेला दोन खोल्या. गावातल्या निम्म्या माणसांच्या हातात पहिलं पुस्तक त्यांनी ठेवलं. माझ्याही. मी त्यांचा विद्यार्थी, नंतर त्यांचा ग्रंथपाल, आणि खरं सांगायचं तर त्यांचा भक्त. ते बोलायला उभे राहिले की ट्रकचे हॉर्नसुद्धा ऐकू यायचे नाहीत. अशा माणसाची बायको म्हणून वत्सलाबाईंना आम्ही वहिनी म्हणायचो, त्यांच्या हातचा चहा प्यायचो, आणि त्यापलीकडे त्यांच्याकडे कुणी पाहत नव्हतं. सातवी शिकलेल्या होत्या म्हणे. पण त्यांच्या हातात कधी पेपर पाहिल्याचं मला आठवत नाही.

"कसली पुस्तकं देऊ?" मी विचारलं. "पोथ्या आहेत, व्रतांची आहेत."

"माणसं मरतेत तसली. आत्ताच्या लोकांनी लिवलेली. जुनी नको."

मी जरा नरमलो. दुःखी बाई आहे, मन मोकळं करायचं असेल. गावात तेव्हा एकच विषय होता: नानांच्या मयतीत वहिनींच्या डोळ्यातून टिपूस निघालं नाही. आळीतल्या बायांनी गळ्यात पडून पाहिलं, "रड गं माय, आत राहिलं तं बाधंल" म्हणून पाठीवर थापा मारून पाहिल्या. बाई ढिम्म. वर म्हणाली, "पाहुणे लांबून आलेत, चहा ठिवा." त्याआधी दोन वर्षं नाना लकव्याने अंथरुणाला खिळलेले, आणि या बाईने त्यांचं सगळं केलं होतं. नांदेडच्या डॉक्टरनं सांगितलं, दोन वर्षं पडून असलेल्या पेशंटच्या पाठीवर एक फोड नाही, असं मी पाहिलेलं नाही. गाव तिला सती म्हणायला लागलं होतं. आणि सती तर रडेना. म्हणून मी ठरवलं की हिला रडवायचं पुण्य आपल्याच पुस्तकांच्या पदरात पडू द्यावं.

पहिली कादंबरी दिली ती लॉकडाऊनची. कामावरून गावाकडे पायी निघालेलं कुटुंब, वाटेत तान्हं लेकरू दगावतं. पेपरांतून फार नावाजलेली. तिसऱ्या दिवशी बाई परत. डोळ्यावर नानांचा चष्मा, सैल होता म्हणून कानामागून दोरा बांधलेला. तो चष्मा पाहून माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"लेकरू मेलं," त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं, "आन् म्होरं दोन पानं आभाळाचं वर्णन. भाऊजी, लेकरू मेल्यावर मायचं ध्यान आभाळाकडं जाईल व्हय?"

"ती लेखकाची शैली असते वहिनी."

"लेखक बघून राहिला आभाळाकडं. त्याला लेकराकडं बघायचं भ्या वाटलं. दुसरं द्या."

दुसरी दिली ती शिकवणीच्या शहरात गळफास घेतलेल्या पोराची. ती घेऊन बाई परत आल्या तेव्हा नाक लाल, डोळे सुजलेले, पदर ओला. माझी मोहीम फत्ते झाली असं वाटून मी मनात हसलो. त्यांनी पुस्तक आपटलं.

"ह्या माणसानं मला रडवलं. तीन डाव."

"मग चांगलीच म्हणायची."

"काय चांगली? मेलेल्या लेकराच्या शर्टाचा वास घ्यायला लावला मायला. तसं कुणाबी मायला लावा, जग रडंल. त्यात ह्यानं काय मोठं केलं? मला न इचारता माझ्या डोळ्यात पाणी आणायचा ह्याला काय हक?"

मी नोकरीत वीस-पंचवीस वर्षं काढली, पण रडू आलं म्हणून लेखकावर दावा लावणारा वाचक मी दुसरा पाहिला नाही. लोक रडून आले की पुस्तकावर हात फिरवतात. ही बाई रडून आली की भांडायला यायची. आणि टेबलाच्या अलीकडे बसलेला मीच असल्यामुळे सगळ्या मराठी कादंबरीकारांच्या वाट्याच्या शिव्या मला खाव्या लागायच्या.

बरं, वाचायची खुर्चीत नाही. दिवाणावर रेलून वगैरे नाहीच. दुपारची, अंगणात, पोत्यावर बसून, हळद निवडणाऱ्या बायांना मोठ्याने वाचून दाखवायची. पुस्तकं परत यायची ती कडेनं पिवळी होऊन. मी दोनदा बोललो. "हळदीनं कुणाचं वाईट झालंय?" म्हणाल्या.

सहा-आठ महिन्यांत मला एक गोष्ट कळून आली. मरणं, आजार, पोरं हरवणं, काही का असेना, बाईचं भांडण एकाच ठिकाणी येऊन थांबायचं. कादंबरीतली कुणी बाई कुणाला तरी शेवटी माफ करायची, आणि वत्सलाबाई पेटायच्या. विसरायच्या आजाराने बापाला पछाडलेलं, त्या बापाने मुलीचं आयुष्य नासवलेलं, तरी शेवटी मुलगी त्याचे केस विंचरते. पेटल्या. भावाने बहिणीला घरातून काढलेलं, तो भाऊ मरताना ती त्याचा हात हातात घेते. पेटल्या.

"मरायला लागलं की समदे गरीब दिसतेत," त्या म्हणायच्या. "लेखकाला हे बराबर म्हाईत असतंय. म्हणून त्याला आदी खाटेवर टाकतो आन् मग हिला म्हणतो, कर आता माफ."

"माणसानं माफ करू नये का वहिनी?"

"करावं की. ज्याला करायचं त्यानं. एक तरी पुस्तक दावा ज्यात तिनं केलं न्हाई, आन् तरी ती सुखानं जेवली."

मी दाखवू शकलो नाही. माफ न करणाऱ्या बाया होत्या, पण त्यांना लेखकांनी वेड लावलं होतं, नाही तर विहिरीत टाकलं होतं.

मग ती शिवण्याची भानगड सुरू झाली. परत आलेली एक कादंबरी मी उघडायला गेलो तर शेवटाकडे उघडेना. पाहतो तो शेवटची नऊ पानं दाभणाने भोकं पाडून सुतळीने शिवलेली! हळदीचं पोतं शिवतात तोच टाका, तीच गाठ.

"वहिनी, हे काय?"

"शिवलं."

"ते दिसतंय. का शिवलं?"

"तिथपोतर खरं हाय. म्होरं लेखक भ्याला."

"ही वाचनालयाची मालमत्ता आहे."

"मंग आदली पानं मालमत्ता म्हणून ठिवा. ह्या नऊ पानांची कशाला मालमत्ता?"

मी लेखी नोटीस दिली. ती त्यांनी खूण म्हणून पुढच्या पुस्तकात घालून ठेवली. मी ब्लेडने सुतळी कापली आणि ती नऊ पानं वाचली. नवरा पंधरा वर्षांनी दुसरीकडून परत येतो, खोकत, काठी टेकत. ती काही बोलत नाही, आत जाते आणि त्याचं अंथरूण टाकते. काय सुंदर लिहिलं होतं! माझे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी मी वहिनींना ते मुद्दाम सांगितलं, त्यांना जरा लाज वाटावी म्हणून.

"तुमाला पानी येणारच," त्या म्हणाल्या. "तुमी आंथरूण टाकणारे न्हाई. झोपणारे हात."

त्यानंतर आठवडाभर मी त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या ते लक्षात आलं नाही.

आणि गंमत बघा, आठवड्याने तांड्यावरची गयाबाई वाचनालयात आली. गयाबाईला अक्षर येत नाही. ती वत्सलाबाईंच्या अंगणात हळद निवडणाऱ्यांपैकी. म्हणाली, "ते शिवलेलं पुस्तक कुठंय, बघू द्या एकडाव."

"मी उसवलं ते."

"काहून उसवलं? आमी चौघींनी मिळून शिवाया लावलं व्हतं. म्हणलं, हितंच ऱ्हाऊ द्या तिला, बरी हाय." मग तिला राहवेना. "काय व्हतं त्यात, सांगा तं."

मी सांगितलं. गयाबाई गालावर हात ठेवून उंबऱ्यात बसून राहिली. "घेतलं व्हय त्याला घरात," म्हणाली. "मंग आमी इतके दिवस कशाला ऐकून राहिलो?" उठून गेली ती माझ्याकडे रागानं बघतच गेली, जशी काही कादंबरी मीच लिहिली होती.

तिसऱ्या वर्षी आम्ही एका लेखकांना व्याख्यानाला बोलावलं. त्यांची कादंबरी त्या साली फार गाजत होती, आणि नेमकी तिच्यात लकवा झालेला नवरा होता. आयुष्यभर बायकोला टाकून बोललेला. ती त्याची सेवा करते, सेवेतच तिचा राग विरघळतो, आणि तिच्या मांडीवर तो प्राण सोडतो. मी वहिनींना ती दिली नव्हती. त्यांनी मिळवली. व्याख्यान झालं, लेखक म्हणाले, वाचकांनी मोकळेपणाने प्रतिक्रिया द्याव्यात. पहिल्या दोघातिघांनी शब्द सापडत नाहीत असं सांगून दहा-दहा मिनिटं घेतली. मग बायकांच्या बाजूने वत्सलाबाई उठल्या. मी मनात देवाचं नाव घेतलं.

"तुमी कधी लकव्याच्या माणसाचं आंथरूण बदललंय का?"

लेखक हसले. चांगले होते हो बिचारे. म्हणाले, "नाही, पण मी अनेकांशी बोललो आहे."

"मी बदललंय. दोन वर्सं. त्यात राग विरघळत न्हाई. राग हाताला बळ देतो. रागानंच कूस बदलता येती, मानूस जड असतो. तुमच्या बाईनं त्याला माफ काहून केलं?"

"बाई, ती मानवी करुणा आहे."

"करुणा तुमची, आन् हागणं-मुतणं तिचं."

 कुणी तरी मागे फसकन हसलं. अध्यक्षांनी आभाराचं भाषण उरकलं. लेखकांना जेवायला वाढताना मी दहा वेळा माफी मागितली. ते म्हणाले, जाऊ द्या. पण त्यांनी दुसरी पोळी घेतली नाही. त्या रात्रीच नव्हे, पुढचे कित्येक दिवस मी एकच वाक्य घोळवत होतो: नाना असते तर मान खाली गेली असती त्यांची.

चौथ्या वर्षी वाचनालयाला नवं सभागृह मिळालं. नाव नानांचं द्यायचं यावर दुमत नव्हतं. मोठा फोटो करून आणला. फोटोला हार वत्सलाबाईंनीच घालायचा, असं समितीने ठरवलं. त्यांचा मुलगा संजय नांदेडला असतो, त्यानेही तेच म्हटलं. फोनवर म्हणाला, "काका, आईला तुमी समजवा. लोक आजूनबी इचारतेत, तुझी आई रडली काहून न्हाई. एकदा सगळ्यांदेखत हार घातला म्हंजी मिटलं." त्या हाराचं सगळ्यांना किती महत्त्व होतं ते मला तेव्हा नीट कळलं. गावाला तिचं कादंबरीतल्यासारखं शेवटचं पान हवं होतं. मलाही हवं होतं, लपवायचं कशाला.

मी गेलो तेव्हा त्या अंगणात पोती शिवत होत्या.

"वहिनी, फक्त हार घालायचा. बोलायचं काही नाही."

"मी बोलले न्हाई म्हंजी माझ्या तोंडचं लोक बोलतील."

"लोक चांगलंच बोलतील. दोन वर्षं सेवा केलीत तुम्ही."

त्यांनी दाभण पोत्यात खुपसून ठेवलं. "सेवा केली म्हंजी माफ केलं, असं कोन म्हणलं?"

"माफ? नानांना?" मी उडालोच. "नानांनी केलं काय असं माफ करण्यासारखं? दारूला शिवले नाहीत, हात उचलला नाही, अख्ख्या तालुक्याला वाचायला शिकवलं त्या माणसानं!"

"हे तुमी इचारून राहिले?" त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. "तुमी?"

मला काही उलगडा झाला नाही. झाला तो एवढाच की ही बाई कृतघ्न आहे. मी उठलो. फाटकाशी गेल्यावर त्यांनी हाक मारली. "येते मी. पर दोन शब्द बोलणार."

कार्यक्रमाला गर्दी चांगली झाली. हिंगोलीहून साहेब लोक आलेले, नानांचे जुने विद्यार्थी, पुढच्या रांगेत संजय. वहिनी हिरवट साडी नेसून आल्या, हार हातात घेतला, आणि फोटोकडे न जाता माइकपाशी गेल्या.

"नाना भाषणात एक गोष्ट सांगायचे," त्या म्हणाल्या. "जुन्या लोकांना समद्यांला म्हाईत हाय. म्हणायचे, मी एकडाव आमच्या घरातलीला कादंबरी दिली. चार दिसांनी इचारलं, कशी वाटली? तं म्हणली, लई चांगली हाय वो, एका काडीत पेटली, चहा लवकर झाला."

सभागृह हसलं. कसं हसलं म्हणून सांगू! नानांचा हातखंडा विनोद तो, प्रत्येक गॅदरिंगला, प्रत्येक सत्काराला. किती वर्षांनी ऐकला. माणसं एकमेकांना टाळ्या देत होती, नानांच्या आठवणीने डोळे पुसत होती. संजय हसला. मी हसलो. माझं तर पोट दुखलं. मनात आलं, चला, बाईचं मन निवळलं एकदाचं.

वहिनी हसणं थांबेपर्यंत थांबल्या. पूर्ण थांबेपर्यंत.

"मी असं म्हणले न्हाई," त्या म्हणाल्या. "मला कुणी कादंबरी दिली बी न्हाई. मीच कपाटातून घेतली, न इचारता. निम्मी झाली व्हती. पुढच्या खोलीत मंडळी बसलेली. वाचता वाचता चहाला उशीर झाला. नाना आत आले, माझ्या हातातून पुस्तक घेतलं, चुलीत घातलं, आन् म्हणले, आता होईल चहा. झाला. मीच गाळून दिला."

त्यांनी हार या हातातून त्या हातात घेतला.

"त्यातली बाई लेकराला घिऊन टांग्यात बसली व्हती. कपाळाचं कुंकू तसंच. टांगा निघाला व्हता. म्होरं तिचं काय झालं, मला म्हाईत न्हाई. तीस वर्सं झाली. एकडाव जाळलं ते मी सोडून बी दिलं असतं. पर दर भाषणात ते माझ्याच हातानं जाळलं. आन् तुमी हसले. आत्ता बी हसले."

त्यांनी हार टेबलावर ठेवला. "हार तुमी घाला," म्हणाल्या आणि मधल्या वाटेने निघून गेल्या. चपला घालायला दारात वाकल्या तेवढीच पाठ दिसली.

हार मी घातला. कुणी तरी घालायलाच हवा होता, साहेब लोक खोळंबले होते.

नंतर गावाने त्यांना काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. मेलेल्या माणसाची अब्रू काढली, एका पुस्तकापायी, असं ज्याच्या त्याच्या तोंडी. एका पुस्तकापायी! मीही म्हणालो तसं, चहाच्या टपरीवर, मोठ्याने. संजयने आईशी बोलणं टाकलं. वत्सलाबाई साखऱ्याला भावाकडे राहायला गेल्या. आमच्याकडचं शेवटचं पुस्तक त्यांनी गयाबाईच्या हाती परत पाठवलं. न शिवलेलं. मी शेवटचं पान काढून पाहिलं. कुणी कुणाला माफ केलं होतं की नाही हे मला वाचूनही ठरवता आलं नाही.

टपरीवर बोललो खरा, पण ती टांग्यातली बाई काही डोक्यातून जाईना. एका दुपारी मी वाचनालयाची सर्वांत जुनी दाखल नोंदवही काढली. नानांचं सुरेख अक्षर. पहिल्या चारशे पुस्तकांत एकच कादंबरी तांबड्या शाईने बाद केलेली. शेरा: "जीर्ण". विकत घेतल्याच्या सातव्या महिन्यात जीर्ण!  नानांना मी आयुष्यात एकदाही खोटं बोलताना पाहिलं नव्हतं. किंवा पाहिलं होतं, दर गॅदरिंगला, आणि टाळ्या दिल्या होत्या.

नांदेडच्या रद्दीवाल्याकडे त्या कादंबरीची प्रत मिळाली. दोन दुपारी बसून वाचून काढली. टांगा एकशे बाराव्या पानावर होता. तेव्हापासून ती प्रत माझ्या खांद्यावरच्या पिशवीत असायची. साखऱ्याला जाणं होईल, देऊ, असं म्हणत दीड वर्ष गेलं. जाणं होत नव्हतं असं नाही. मी जात नव्हतो.

गेल्या फेब्रुवारीत वाचनालयाच्या कामाने हिंगोलीला गेलो होतो. दुपारी स्टँडवर आलो तर साखऱ्याकडे जाणाऱ्या सेनगावच्या फलाटावर वत्सलाबाई बसलेल्या. वाळल्या होत्या. मांडीवर पुस्तक, त्यावर हिंगोलीच्या कुठल्याशा वाचनालयाचा शिक्का. एवढ्या गोंगाटात ओठ हलवत वाचत होत्या. मी समोर जाऊन उभा राहिलो. पाठ करून ठेवलेलं वाक्य एका दमात म्हटलं.

"वहिनी, त्या दिवशी मी हसलो. आधीही हसत आलो. चुकलं माझं."

त्यांनी पानात बोट घालून पुस्तक मिटलं.

"व्हय, हसले," त्या म्हणाल्या. "आन् जाळलं त्या दिशी पुढच्या खोलीत तुमी बी व्हते. दोन डाव चहा घेतला."

मला तो चहा आठवत नव्हता. मी वाट बघत राहिलो. इतकं खरं बोलल्यावर समोरचा माणूस काही तरी म्हणतो, निदान "जाऊ द्या" म्हणतो. माफी मागितली की ती मिळते, हे मी पुस्तकांतूनच शिकलो होतो. वहिनी काही म्हणाल्या नाहीत. पुन्हा पुस्तक उघडायला लागल्या, आणि मला राग आला. खरंच आला. त्या रागातच मी बोलून गेलो.

"ते पुस्तक सापडलं वहिनी. टांग्याचं."

त्यांचा हात तिथेच राहिला. भर सभेत लेखकाला गप्प करणारी ही बाई, तिला घाबरलेलं मी पहिल्यांदा पाहत होतो.

"वाचलं तुमी?"

"हो."

"समदं?"

"हो. बरोबर आणलंय."

त्यांनी माझ्या पिशवीकडे पाहिलं.  मग अगदी हळू, एखाद्या पोरीसारखं म्हणाल्या, "भाऊजी, तिनं मागं येऊन त्याला माफ केलं असलं तं?"

दोनशे एकतिसाव्या पानावर ती परत येते. त्याच टांग्यातून, लेकराला कडेवर घेऊन. उंबऱ्यावर डोकं ठेवते आणि म्हणते, माझंच चुकलं. असले शेवट मी शेकडो वाचले होते आणि दर वेळी डोळे पुसले होते. त्या दिवशी मात्र तो लेखक समोर असता तर त्याची गचांडी धरली असती.

"तुमची गाडी लागली," मी म्हणालो.

त्या उठल्या. पिशवीकडे आणखी एकदा पाहिलं, पण हात पुढे केला नाही. गर्दीतून वाट काढत चढल्या, खिडकीची जागा मिळाली, आणि गाडी हलायच्या आधीच हातातल्या पुस्तकात त्यांनी मान घातली. गाडी सुटेपर्यंत मी तिथेच उभा राहिलो. पिशवी उघडली नाही.